'डीफंड'चा वाद निघाला की आधी काय तपासायचं: अमेरिकेतल्या मराठी माणसांसाठी एक गाइड

अमेरिकेतल्या आपल्या लोकांत प्लॅन्ड पॅरेंटहूडचा, म्हणजे कुटुंब नियोजन, तपासण्या आणि गर्भपाताच्या सेवा देणाऱ्या ना-नफा संस्थेचा, विषय निघाला की दोन मिनिटांत आवाज चढतात. एक जण म्हणतो माझ्या टॅक्सच्या पैशातून गर्भपात होतात हे मला मान्य नाही, दुसरी म्हणते एक डॉलरसुद्धा जात नाही उगाच काहीतरी सांगू नका, आणि मग तिसरं कोणीतरी थेट इलेक्शनवर घसरतं आणि मूळ मुद्दा राहतोच. मला या विषयाबद्दल फार मनापासून वाटतं, कारण ज्या बाईकडे धड इन्शुरन्स नाही तिची पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी) होणार की नाही, तिला गर्भनिरोधक गोळ्या मिळणार की नाही, हे सगळं या एका वादावर येऊन अडलंय. माझं मत लपवत नाही, मला या संस्थेचे सरकारी पैसे तोडणं, म्हणजेच 'डीफंड' करणं, चूक वाटतं. पण हे गाइड दोन्ही बाजूंच्या लोकांना वापरता यावं म्हणून लिहितेय, कारण मत काहीही असो, पैसा कुठल्या खात्यातून निघाला, कुठल्या कामासाठी गेला आणि तो बंद झाला तर पेशंट कुठे जाणार हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय बोलणं म्हणजे नुसता आवाज.

आधी खातं विचारा

'सरकार प्लॅन्ड पॅरेंटहूडला पैसे देतं' असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न, कुठलं सरकार आणि कुठल्या खात्यातून? बजेटमध्ये या संस्थेच्या नावाची ओळ नसते. बहुतेक लोकांच्या डोक्यात असं असतं की दरवर्षी वॉशिंग्टनहून एक मोठा चेक निघतो आणि 'डीफंड' म्हणजे तो चेक फाडायचा. तसं नाहीये.

सगळ्यात मोठं खातं मेडिकेडचं. हा १९६५ सालचा कार्यक्रम, कमी उत्पन्नवाल्यांचा आरोग्यविमा, पैसे फेडरल (केंद्र) सरकार आणि राज्य दोघं मिळून घालतात. इथे पैसे कसे जातात ते आपल्याकडच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखं समजा: हॉस्पिटलला अनुदान म्हणून गठ्ठा मिळत नाही, पेशंट आला, उपचार झाले, क्लेम टाकला, मग ठरलेल्या दराने पैसे आले. म्हणजे मेडिकेडमधून 'डीफंड' करणं याचा प्रत्यक्षातला अर्थ असा की मेडिकेडचं कार्ड असलेली बाई त्या दवाखान्यात गेली तर तिच्या तपासणीचं बिल सरकार देणार नाही. ती तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची असो, गुप्तरोगाची असो, तांबी बसवणं असो, काहीही असो. आणि कुटुंब नियोजनाच्या सेवांना मेडिकेडमध्ये खास वागणूक आहे, त्यातले ९० टक्के फेडरल सरकार देतं, राज्याला फक्त १० टक्के घालावे लागतात. हा ९०-१० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे टेक्ससच्या गोष्टीत लागणार आहे.

दुसरं खातं टायटल टेन. १९७० मध्ये निक्सन यांनी सही केलेला कायदा, हो, रिपब्लिकन प्रेसिडेंट निक्सन. यातून दवाखान्यांना ग्रँट मिळते, म्हणजे हे खरोखर अनुदान आहे, आणि गरीब बायकांना गर्भनिरोधक साधनं आणि तपासण्या फुकट किंवा उत्पन्नाप्रमाणे कमी दरात मिळतात. या कायद्यात पहिल्या दिवसापासून कलम १००८ आहे, ज्या कार्यक्रमात गर्भपात हा कुटुंब नियोजनाचा मार्ग म्हणून वापरला जातो तिथे हा पैसा वापरायचा नाही. सगळ्या देशासाठी मिळून हे खातं कित्येक वर्षं २८ कोटी ६५ लाख डॉलरवरच अडकलं होतं, म्हणजे मेडिकेडच्या मानाने अगदी चिमूटभर.

तिसरं खातं राज्याचं स्वतःचं. लोक हे विसरतात, आणि निम्मी भांडणं इथेच होतात.

'माझ्या टॅक्समधून गर्भपात होतो' हे खरं की खोटं?

उत्तर तुम्ही कुठल्या राज्यात राहता यावर आहे.

फेडरल पैशाबद्दल नियम हाइड अमेंडमेंटचा. इलिनॉयचे खासदार हेन्री हाइड यांनी १९७६ मध्ये आणला, आणि १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने हॅरिस विरुद्ध मॅक्रे या खटल्यात ५-४ ने तो वैध ठरवला. आता त्यात तीनच अपवाद आहेत, आईच्या जिवाला धोका, बलात्कार आणि जवळच्या नात्यातल्या संबंधातून राहिलेला गर्भ. यातले शेवटचे दोन १९९३ मध्ये परत आत आले. एक गोष्ट नीट समजून घ्या, हाइड हा कायमचा कायदा नाहीये, दरवर्षीच्या खर्चाच्या बिलाला तो नव्याने जोडला जातो, म्हणून दरवर्षी त्यावरून वाद होऊ शकतो आणि होतोही.

पण राज्याने स्वतःच्या तिजोरीतून खर्च करायचं ठरवलं तर हाइड अडवत नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय आणि आपले लोक जिथे भरपूर आहेत ते न्यू जर्सी, ही राज्यं आपल्या पैशातून मेडिकेडवाल्या बायकांच्या गर्भपाताचा खर्च देतात. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा कोणी म्हणाला की माझ्या स्टेट टॅक्समधला काही हिस्सा याला जातो, तर तो बरोबर बोलतोय, त्याला खोटारडा म्हणू नका. आणि टेक्ससमधला कोणी तेच म्हणाला तर त्याला विचारा, कुठल्या खात्यातून ते दाखव. आपल्या बाजूचे लोक 'एक डॉलरही नाही' असं जे सरसकट बोलतात ना, त्याने आपलंच नुकसान होतं, समोरच्याने एक न्यू जर्सीचं उदाहरण दिलं की बाकीचं सगळं खरं असूनही कोणी ऐकत नाही.

मग फेडरल पैशावर भांडण कशाचं?

फेडरल पैसा गर्भपाताला जातच नसेल तर वाद कशाचा, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर उत्तर असं: जी संस्था गर्भपात करते तिला *इतर* कामाचे पैसे द्यायचे की नाहीत. सगळा वाद एवढ्यावर आहे.

विरोधकांचा मुद्दा त्यांच्या तोंडून ऐकलात तर असा असतो: पैशाला नाव नसतं, तपासण्यांचे पैसे सरकारने दिले की इमारतीचं भाडं, रिसेप्शनवरचा पगार, वीजबिल हे सुटतं आणि संस्थेचे स्वतःचे डॉलर गर्भपाताकडे वळतात, आणि ज्याला गर्भपात म्हणजे जीव घेणं वाटतं त्याला अशा संस्थेला एक पैसाही सक्तीने द्यायला लावणं हा त्याच्या सदसद्विवेकावर घाला आहे. हा मुद्दा मूर्खपणाचा नाही. माणसं हे अगदी आतून मानतात, त्यांना 'तुम्हाला बायकांची पडलेली नाही' असं म्हणून उडवून लावू नका.

माझं उत्तर असं की केलेल्या कामाचं बिल चुकवणं आणि देणगी देणं यात फरक आहे. मेडिकेडचे दर इतके कमी असतात की कुटुंब नियोजनाच्या कामातून शिल्लक काढून दुसरीकडे वळवायची ही कल्पनाच मला पटत नाही. आणि हाच न्याय लावायचा तर अमेरिकेतली जी मोठमोठी हॉस्पिटलं गर्भपातही करतात त्यांचंही मेडिकेड बंद करावं लागेल, ते कोणी मागत नाही. तुम्हाला यातली कुठली बाजू पटते ते तुम्ही ठरवा, पण समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत मांडता आला की मगच बोलायला बसा.

टक्केवारी फेकली गेली की छेद बघा

एक बाजू म्हणते गर्भपात हे त्यांचं जेमतेम ३-४ टक्के काम, दुसरी म्हणते त्यांचा धंदाच गर्भपाताचा. दोघंही संस्थेचा तोच वार्षिक अहवाल वापरतात! २०२३-२४ च्या अहवालात साधारण ९४ लाख सेवा, २० लाखांवर पेशंट आणि ४ लाखांवर गर्भपात आहेत. सेवांनी भागलं तर ४ टक्क्यांच्या आसपास, कारण एकाच भेटीतली प्रेग्नन्सी टेस्ट, गुप्तरोगाची टेस्ट, गोळ्या सगळं वेगवेगळं मोजलं जातं. पेशंटनी भागलं तर पाचातला जवळजवळ एक. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, दोन्ही अर्धवट आहेत. कोणी टक्के सांगितले की कशाने भागलं एवढंच विचारा.

तसंच सरकारी पैशाचा आकडा. त्याच अहवालात सरकारकडून आलेले पैसे ७९ कोटी डॉलरच्या वर आहेत, पण त्यात मेडिकेडचे क्लेम, ग्रँट, फेडरल, राज्य सगळं एकत्र आहे. हा आकडा दाखवून कोणी 'बघा, वॉशिंग्टनने एवढे फुकट वाटले' म्हणालं तर त्याला मघाची तीन खाती परत समजावून सांगा.

बातमी वाचताना कोर्टाचा निकाल आणि कायदा यांची गल्लत करू नका

२०२५ च्या उन्हाळ्यात दहा दिवसांच्या आत दोन मोठ्या गोष्टी झाल्या आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यांची खिचडी झाली.

पहिली, २६ जून २०२५, सुप्रीम कोर्टाचा मेडिना विरुद्ध प्लॅन्ड पॅरेंटहूड साउथ अटलांटिक हा निकाल, ६-३. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर हेन्री मॅकमास्टर यांनी २०१८ मध्ये आदेश काढून या संस्थेला राज्याच्या मेडिकेडमधून बाहेर काढलं होतं. मेडिकेडच्या कायद्यात असं आहे की पेशंटला पात्र असलेल्या कुठल्याही दवाखान्यात जाता आलं पाहिजे. कोर्टाने ते वाक्य खोडलं नाही, पण म्हटलं की ते मोडलं म्हणून पेशंटला स्वतः राज्यावर खटला भरता येणार नाही. आता अंमलबजावणी करायची तर ती फेडरल सरकारने, राज्याचा निधी अडवून. ज्या सरकारला मुळात ही संस्था नकोय ते असं काही करेल का, तुम्हीच सांगा. म्हणजे हक्क कागदावर राहिला आणि दार बंद झालं. या निकालाने कुठल्याही राज्यावर सक्ती केलेली नाही, राज्यांना मोकळीक दिलीय, म्हणून तुमचं राज्य काय करतंय हे वेगळं बघावं लागतं.

दुसरी, ४ जुलै २०२५ ला सही झालेला 'वन बिग ब्यूटिफुल बिल' कायदा. सिनेटमध्ये ५०-५० झाल्यावर उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने तो पास झाला. यातलं कलम ७१११३ एकदा स्वतः वाचाच, काँग्रेसच्या सरकारी वेबसाइटवर सगळा कायदा फुकट आहे आणि हे कलम पान-दीड पानाचं आहे. त्यात प्लॅन्ड पॅरेंटहूडचं नाव कुठेही नाही. अटी आहेत: ना-नफा संस्था, मुख्य काम कुटुंब नियोजन आणि प्रजनन आरोग्य, हाइडच्या अपवादांपलीकडे गर्भपात करते, आणि २०२३ च्या आर्थिक वर्षात मेडिकेडमधून ८ लाख डॉलरपेक्षा जास्त मिळालेत. अशा संस्थेला एक वर्ष फेडरल मेडिकेडचे पैसे नाहीत. हाउसने (कनिष्ठ सभागृहाने) आधी दहा वर्षं घातली होती, सिनेटने एकावर आणली. संलग्न संस्थाही त्यात धरल्यात, म्हणजे ज्या दवाखान्यात गर्भपात होतच नाहीत, तोही सापडला. आणि जाळं एवढं रुंद होतं की मेन राज्यातली मेन फॅमिली प्लॅनिंग ही वेगळीच संस्था त्यात अडकली आणि खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी ती जे साधे डॉक्टरी उपचार देत होती ते तिला बंद करावे लागले. रक्तदाब, मधुमेह असले उपचार हो. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या फेडरल जज इंदिरा तलवानी यांनी हे कलम थांबवलं होतं, पण वरच्या कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती स्थगिती उठवली. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांनी स्वतःच्या पैशातून खड्डा भरायचा प्रयत्न केला. एक वर्षाची मुदत ४ जुलै २०२५ पासून मोजायची, म्हणून तुम्ही हे वाचताना ती संपलीय की नव्या बिलात वाढवलीय हे तारीख बघून तपासा, जुनी बातमी फॉरवर्ड करू नका.

हे सगळं आज सुरू झालंय असंही समजू नका. तेव्हा खासदार असलेल्या माइक पेन्स यांनी २००७ मध्ये हे पैसे तोडायचा पहिल्यांदा प्रयत्न केला होता, २०११ मध्ये यावरून सरकार बंद पडायची वेळ आली, जानेवारी २०१६ मध्ये असंच बिल ओबामांच्या टेबलावर पोचलं आणि त्यांनी व्हेटो केला, २०१७ मध्ये सिनेटर मॅकेन यांच्या एका मताने पडलेल्या बिलातही एका वर्षाची बंदी होती.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: मग पेशंट कुठे जाणार?

यावर ठरलेलं उत्तर मिळतं की देशभर कम्युनिटी हेल्थ सेंटर (सरकारी मदतीवर चालणारे स्वस्तातले दवाखाने) आहेत, पैसे तिकडे वळवा. कागदावर छान वाटतं. हे सेंटर खरंच चांगलं काम करतात, कोट्यवधी लोकांना सांभाळतात, पण तिथे आधीच गर्दी आहे, आणि तांबी किंवा इम्प्लांट (दंडात बसवायचं गर्भनिरोधक) त्याच दिवशी बसवून मिळेलच असं नाही.

अंदाज कशाला बांधायचे, टेक्ससमध्ये हे करून झालंय. २०११ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कुटुंब नियोजनाच्या बजेटला जबरदस्त कात्री लावली, दोन वर्षांच्या ११ कोटींवरून पावणेचार कोटी डॉलरच्या आसपास, आणि बरेच दवाखाने बंद पडले, त्यात प्लॅन्ड पॅरेंटहूडशी काडीचा संबंध नसलेलेही होते. मग २०१३ च्या सुरुवातीला राज्याने मेडिकेडच्या पैशावर चालणाऱ्या आपल्या विमेन्स हेल्थ प्रोग्रॅममधून प्लॅन्ड पॅरेंटहूडला पूर्ण काढलं. फेडरल नियमात ते बसत नव्हतं, तर राज्याने ते ९० टक्के सोडून दिले आणि सगळा कार्यक्रम स्वतःच्या पैशावर चालवला. म्हणजे करदात्यांचे पैसे वाचवायच्या नावाखाली टेक्ससच्या करदात्याने दहाच्या जागी शंभर भरले.

परिणाम काय झाला ते २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. जिथे आधी प्लॅन्ड पॅरेंटहूडचे दवाखाने होते त्या काउंट्यांमध्ये तांबी आणि इम्प्लांटचे क्लेम ३५ टक्क्यांच्या वर घटले, गर्भनिरोधक इंजेक्शनचे ३१ टक्के घटले, आणि ज्या बायका आधी इंजेक्शन घेत होत्या त्यांच्यात दीड वर्षाच्या आत मेडिकेडच्या खर्चाने झालेल्या बाळंतपणांचं प्रमाण २७ टक्क्यांनी वाढलं. त्या बायकांना तेव्हा मूल नको होतं म्हणूनच त्या इंजेक्शन घेत होत्या ना. दुसरी बाजूही सांगते, नंतर टेक्ससने बायकांच्या आरोग्यावरचा खर्च वाढवला, २०१६ मध्ये नवा कार्यक्रम काढला आणि जानेवारी २०२० मध्ये ट्रम्प सरकारने त्याला परत फेडरल पैसे दिले. पण मधली वर्षं ज्यांच्या अंगावरून गेली त्यांची गेलीच.

म्हणून कोणी 'दुसरीकडे जातील' म्हणालं की काउंटीचं नाव घेऊन विचारा. तिथे मेडिकेड घेणारं दुसरं कोण आहे, अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते, बस जाते का. फोन करून पाच मिनिटांत कळतं, आणि ज्यांनी एकदा असा फोन केलाय त्यांचं बोलणं मी पाहिलंय की एकदम बदलतं, मग ते कुठल्याही बाजूचे असोत.

आईबाबांना भारतातून हे कळत नाही तेव्हा

भारतात १९७१ पासून गर्भपाताला परवानगी देणारा एमटीपी कायदा आहे, सरकारी दवाखान्यात गर्भपात मोफत होतो, म्हणजे तिथे करदात्याचाच पैसा लागतो आणि त्यावर निवडणूक लढली जात नाही. त्यामुळे तिकडच्या लोकांना हा वाद कळतच नाही. त्यांना एवढं सांगा की इथे गर्भपात हा धर्माचा आणि राजकारणाचा प्रश्न झालाय आणि पैसा ही त्यातली एक आघाडी आहे. आणि हा वाद भारताच्या दारापर्यंतही जातो: अमेरिकन मदत घेणाऱ्या परदेशी संस्थांनी गर्भपाताबद्दल काम करायचं नाही अशी अट १९८४ पासून रिपब्लिकन प्रेसिडेंट आला की लागते आणि डेमोक्रॅट आला की उठते, २०२५ मध्ये परत लागली. ही अट पहिल्यांदा लागली तेव्हा ती न मानल्यामुळे ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अमेरिकन निधी गेला ती आयपीपीएफ (इंटरनॅशनल प्लॅन्ड पॅरेंटहूड फेडरेशन), तिची स्थापना १९५२ मध्ये मुंबईत झाली होती, धनवंती रामा राव आणि मार्गारेट सँगर यांच्या पुढाकाराने.

प्रत्यक्ष काय करायचं

तुम्हाला किंवा ओळखीत कोणाला सेवा हवी असेल तर आधी दवाखान्याला फोन करून 'आज माझ्या राज्याचं मेडिकेड घेता का' असंच विचारा, वेबसाइटवर जुनी माहिती असू शकते. नाही म्हणाले तर तिथेच विचारा की उत्पन्नाप्रमाणे दर आहे का. टायटल टेनच्या दवाखान्यात दारिद्र्यरेषेखाली उत्पन्न असेल तर फी लागत नाही आणि त्या रेषेच्या अडीचपटीपर्यंत सवलत मिळते, इमिग्रेशन स्टेटसची अट २०२५ पर्यंत नव्हती, आता तुमच्या राज्यात आहे का ते दवाखान्यातच विचारा, हे विद्यार्थिनींना आणि एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर) आलेल्या मुलींना आवर्जून सांगा, कारण त्यांना वाटतं आपल्याला काहीच मिळणार नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मात्र मेडिकेडसाठी बहुतेक ठिकाणी पाच वर्षं थांबावं लागतं, गरोदर बाईला आणि मुलांना बऱ्याच राज्यांत त्यातून सूट आहे.

आणि मत पोचवायचं असेल, कुठलंही मत, तर लोकप्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करा किंवा लिहा, पण 'डीफंड करा' किंवा 'डीफंड करू नका' एवढंच नको, ते नुसतं हो-नाहीच्या यादीत जातं. नागरिक नसाल तरी तुमच्या भागाच्या खासदाराच्या ऑफिसला लिहिता येतं. राज्याच्या आमदारालाही लिहा, मेडिनाच्या निकालानंतर खरा निर्णय बऱ्याच ठिकाणी तिथेच होतोय. पत्रात बिलाचा नंबर घाला, कलम घाला, तुमच्या काउंटीतल्या दवाखान्याचं नाव घाला आणि एकच प्रश्न विचारा: हा दवाखाना मेडिकेडमधून गेला तर इथल्या पेशंटची तपासणी कोण करणार, त्या जागेचं नाव सांगा. उत्तर नाही आलं तर त्यांच्या पुढच्या टाउन हॉलला (मतदारांशी होणाऱ्या जाहीर सभेला) तोच कागद घेऊन उभे राहा.